‘बिडकीनला चिपचा कारखाना येतोय’ म्हणून वावर विकू नका

आधी तो मेसेज काय म्हणतो ते सांगतो, कारण तुमच्यापर्यंत अजून आला नसेल तर या आठवड्यात येईलच. संभाजीनगरजवळ बिडकीनला तैवानच्या एका बड्या कंपनीचा सेमीकंडक्टरचा, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरमधल्या चिपचा, कारखाना जुलै २०२५ मध्येच गुपचूप मंजूर झालाय. केंद्र आणि राज्य मिळून ७० टक्के पैसा सरकारच घालणार, त्यामुळे कंपनीला मागे हटताच येणार नाही. चिप वाळूपासून बनते आणि गोदावरीच्या वाळूसाठीच कंपनीने पैठणचा पट्टा निवडला. एक लाख नोकऱ्या, दहावी पास पोरांनाही. महाराष्ट्राचा कारखाना गुजरातने नेला होता, त्याची ही भरपाई. आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी वरचं सगळं रचलंय: ‘जाहीर व्हायच्या आत प्लॉट घ्या, दोन वर्षांत दहा पट.’ त्याखाली मोबाइल नंबर.

मला हा मेसेज आमच्या दाजींकडून आला. दाजी अंबड तालुक्यातले, गोदाकाठचे. दोन एकर मोसंबीची बाग विकायची आणि त्या पैशात बिडकीनच्या बाजूला तीन प्लॉट धरायचे, इथपर्यंत त्यांचं ठरत आलं होतं. मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, “पाव्हणं, तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकवता. खरं आहे का तेवढं सांगा, इसार द्यायचाय.” तोच मेसेज मग आमच्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटकडे निघाला, एका सहकाऱ्याकडे निघाला. प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

‘गुपचूप मंजुरी’ हा भाग लवकर निकालात निघतो. चिपच्या कारखान्यांना केंद्राची मदत मिळते ती इंडिया सेमीकंडक्टर मिशनमधून. डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर झाला. यातली मंजुरी कुठलंही सरकार लपवत नाही, उलट त्याच दिवशी गाजावाजा करून सांगतं. १२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चार नवे प्रकल्प मंजूर केले, तेव्हाच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात एकूण हिशेब आहे: सहा राज्यांत दहा प्रकल्प, सुमारे १.६० लाख कोटींची गुंतवणूक. गुजरातेत चार: साणंदला मायक्रॉन, सीजी पॉवर आणि केन्स, धोलेऱ्याला टाटा. आसामात जागीरोडला टाटा. उत्तर प्रदेशात जेवरला एचसीएल-फॉक्सकॉन. ओडिशात दोन, पंजाबात एक, आंध्रात एक. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही, मग बिडकीनचं कुठून असणार? जुलैत मंजूर झालेला कारखाना ऑगस्टच्या यादीतून गळतो कसा, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. माझा निम्मा प्रतिवाद या एका पत्रकावर उभा आहे आणि ते कुणालाही मोबाइलवर वाचता येतं.

राज्याच्या पातळीवर एक मोठी घोषणा झाली होती, ती सप्टेंबर २०२४ मध्ये. इस्रायलची टॉवर आणि अदानी समूह, जागा पनवेलजवळ तळोजा, आकडा ८३,९४७ कोटी. ते रायगड जिल्ह्यात, आणि २०२५ मध्ये ती बोलणी थांबल्याच्याच बातम्या आल्या.

आता ज्या मुद्द्यावर दाजींसारखा शहाणा माणूस फसतो, त्यावर येतो. ‘सरकार पैसा घालतंय म्हणजे कारखाना होणारच.’ यातलं ७० टक्के मात्र अगदीच हवेतलं नाही, हे मला मान्य करावं लागतं. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाला केंद्राने ५० टक्के आणि गुजरात सरकारने २० टक्के मदत देऊ केली. एकूण २.७५ अब्ज डॉलरमधले कंपनीचे स्वतःचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर. मेसेजवाल्याने आकडा तिथून उचलला आणि बिडकीनला चिकटवला. पण ही मदत दिली कशी जाते हे त्याने सांगितलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. सप्टेंबर २०२२ च्या सुधारित योजनेप्रमाणे केंद्राचा ५० टक्क्यांचा हिस्सा कंपनीच्या खर्चाच्या बरोबरीने, टप्प्याटप्प्याने सुटतो. कंपनीने आपला पैसा ओतला, काम उभं राहिलं, की सरकारचा पैसा पुढे सरकतो. कंपनी थांबली की सरकार थांबतं. म्हणजे अटी सरकारी तिजोरीला वाचवतात. कंपनीला बांधून ठेवत नाहीत, आणि शेजारी प्लॉट घेऊन बसलेल्याला तर त्यांचा काडीचाही आधार नाही.

ज्यांना पटत नाही त्यांनी जर्मनीकडे बघावं. इंटेल म्हणजे ज्या कंपनीचं नाव तुमच्या कॉम्प्युटरवर चिकटवलेलं असतं ती. मार्च २०२२ मध्ये तिने माग्डेबुर्ग शहराजवळ कारखाना जाहीर केला. जून २०२३ मध्ये जर्मन सरकारशी करार झाला: ३० अब्ज युरोंहून मोठा प्रकल्प आणि सरकारची मदत सुमारे १० अब्ज युरो. जर्मनीसारखं सरकार, चान्सलरच्या उपस्थितीत सह्या. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने तो दोन वर्षं पुढे ढकलला आणि जुलै २०२५ मध्ये रद्दच केला. कारण जर्मनीत नव्हतंच. मोबाइलची चिप इंटेलच्या हातून गेली, एआयची चिप एनव्हिडियाने मारली, आणि जुना प्रतिस्पर्धी एएमडी २००९ मध्ये स्वतःचे कारखाने वेगळे काढून मोकळा झाला होता, आता आपल्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेत इंटेलचं गिऱ्हाईक तोडत होता. २०२४ या एका वर्षात इंटेलला सुमारे १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला. कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं गणित बिघडलं आणि जर्मनीतल्या एका जिल्ह्याची स्वप्नं गुंडाळली गेली. तिथे चिपच्या नावावर कुणी चढ्या भावाने जमीन धरली असेल, तर त्याला त्या १० अब्जांतून एक युरोही मिळणार नव्हता.

खुद्द अमेरिकेतही तेच. ओहायोचा इंटेलचा कारखाना जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला तेव्हा २०२५ ला सुरू होणार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने नवी तारीख दिली: २०३० किंवा त्यानंतर. मधल्या काळात ऑगस्ट २०२२ चा चिप्स कायदा आला, त्यात कारखान्यांसाठी ३९ अब्ज डॉलर ठेवले, इंटेलला ७.८६ अब्ज डॉलर मंजूरही झाले. मग सरकार बदललं. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी इंटेलच्या प्रमुखाने राजीनामा द्यावा अशी जाहीर मागणी केली, आणि त्याच महिन्यात त्यांच्या सरकारने कंपनीशी सौदा केला. जो पैसा अनुदान म्हणून यायचा बाकी होता, त्यात आणखी एका सरकारी योजनेची रक्कम घालून ८.९ अब्ज डॉलर, आणि बदल्यात कंपनीचे ९.९ टक्के शेअर सरकारच्या नावावर. एका सरकारने अनुदान म्हणून दिलेलं दुसऱ्या सरकारने भागभांडवल करून टाकलं. या धंद्यात सरकारी शब्द असा फिरतो. त्याच्या भरवशावर कुणी बाग विकावी?

आणि विस्कॉन्सिन. हे प्रकरण चिपचं नव्हतं, टीव्हीच्या पडद्यांच्या कारखान्याचं होतं, पण कंपनी तैवानची फॉक्सकॉन, वरच्या यादीत जेवरला आहे तीच, आणि गोष्ट जमिनीची, म्हणून इथे सांगणं भाग आहे. २०१७ मध्ये घोषणा झाली: १० अब्ज डॉलर गुंतवणूक, १३,००० नोकऱ्या, आणि राज्याकडून सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वतः फावडं मारलं. माउंट प्लेझंट नावाच्या गावाने कारखान्यासाठी शेतं आणि राहती घरं घेतली, पाइपलाइन आणि रस्त्यांसाठी कर्ज काढलं. एप्रिल २०२१ मध्ये करार बदलला: गुंतवणूक ६७.२ कोटी डॉलर, नोकऱ्या १,४५४. राज्याने सवलती नोकऱ्यांशी बांधल्या होत्या, म्हणून राज्याचा बहुतेक पैसा वाचला. ज्यांनी घरं सोडली त्यांच्यासाठी तशी अट कुणी घातली नव्हती.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर वेदांता-फॉक्सकॉन आहे, आणि मेसेजमधला ‘गुजरातने नेला’ हा मुद्दाही त्यात येतो. अर्धं सत्य मान्य करतो, जिवावर आलं तरी. १.५४ लाख कोटींचा तो प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला येणार अशी चर्चा होती आणि १३ सप्टेंबर २०२२ रोजी सामंजस्य करार झाला तो गुजरात सरकारशी. महाराष्ट्रात त्यावरून रान उठलं, ते उठायलाच हवं होतं. वर दिलेल्या यादीत गुजरातची चार नावं आणि आपलं एकही नाही, हे मुंबईत आलटून पालटून बसलेल्या सगळ्यांनी खाली मान घालून वाचावं. पण जो कारखाना ‘नेला’ तो गुजरातलाही मिळाला नाही. १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडली आणि विषय संपला. दहा महिने दोन राज्यांतली माणसं ज्यावरून भांडली तो कारखाना उभाच राहिला नाही. त्याची भरपाई म्हणून मराठवाड्याला काही देण्याची कुठलीही योजना केंद्रात नाही.

हे सगळं मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं, तर लगेच दुसऱ्या टोकाची मंडळी उठली. ‘बघा, सबसिडी म्हणजे लूट. तैवानवाले स्वतःच्या हिमतीवर उभे राहिले, आपण मात्र कंपन्यांना वाटत बसलोय.’ हेही तितकंच खोटं. टीएसएमसी १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी सुरू केली तेव्हा ४८ टक्के भांडवल तैवान सरकारच्या विकास निधीचं होतं, डच कंपनी फिलिप्सचं २७.५ टक्के, आणि तंत्र सरकारी संशोधन संस्थेतून आलेलं. त्याच वर्षी जपानला तोंड देण्यासाठी अमेरिकेने सेमाटेक ही संस्था उभी केली आणि तिच्यात वर्षाला १० कोटी डॉलर संरक्षण खात्याने घातले. जपानने तर त्याच्या आधीच, १९७६ पासून सरकारी पैशातून आपल्या कंपन्यांना एकत्र आणलं होतं. या धंद्यात सरकारच्या पैशाशिवाय कुणी मोठं झालेलं नाही. माझा सबसिडीला विरोध नाही. तिच्या अटी काय आणि पैसा कुठल्या टप्प्यावर सुटला, एवढंच मला बघायचं असतं. चीनमध्ये वुहानला एचएसएमसी नावाची कंपनी निघाली, स्थानिक सरकारने हात सैल सोडला, आणि २०२१ पर्यंत अर्धवट इमारती टाकून सगळं बंद. अटी ढिल्या ठेवल्या की असं होतं.

वाळूचा मुद्दा वाचून मला राग आला, कारण तो गोदाकाठच्या माणसाला पटेल असाच निवडलाय. शहागडपासून खाली नदीचं पात्र हायव्यांनी खरवडून नेलेलं लोकांनी रोज पाहिलंय. वाळूत पैसा आहे हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. चिपचं मूळ सिलिकॉन आणि सिलिकॉन गारेच्या दगडात, वाळूत असतं, इथवर बरोबर. पण चिपचा कारखाना वाळू विकत घेत नाही. तो घेतो तयार वेफर, म्हणजे आरशासारखी घासलेली सिलिकॉनची गोल चकती. त्या बनवणाऱ्या दोन सगळ्यात मोठ्या कंपन्या, शिन-एत्सू आणि सुमको, जपानच्या आहेत. त्या सिलिकॉनची शुद्धता ९९.९९९९९९९ टक्के किंवा त्याहून जास्त लागते आणि ते वितळवायची भांडी ज्या गारेपासून बनतात, ती मुख्यतः अमेरिकेतल्या स्प्रूस पाइन या एका गावच्या खाणींतून येते. आपला सगळा पठारी भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. त्यात शुद्ध गार मुळातच कमी. तैवानमध्ये किंवा ॲरिझोनात एकही कारखाना नदीची वाळू बघून उभा राहिलेला नाही.

पाण्याबद्दल मेसेज एका शब्दात बोलतो, ‘जायकवाडी आहेच’. म्हणजे धरण कायम भरलेलंच असतं! चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं आणि मोठ्या कारखान्याला ते रोज हजारो टन लागतं. २०२१ मध्ये तैवानला मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारने हजारो हेक्टर शेतीचं पाणी बंद केलं, शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली आणि टीएसएमसीने टँकर लावले. ज्या भागात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ज्या भागात जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली राहिलं की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दरवर्षी कोर्टकचेऱ्या होतात, तिथे कारखाना खरंच येणार असेल तर पहिला प्रश्न पाणी कुणाच्या वाट्यातून जाणार हाच असायला पाहिजे.

एक लाख नोकऱ्यांचं फार वाढवत नाही. टीएसएमसी ही दुसऱ्यांसाठी चिप बनवून देणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी, आणि २०२४ अखेर तिच्या साऱ्या जगातल्या कर्मचाऱ्यांचा आकडा लाखाच्या आत होता. मायक्रॉनने साणंदसाठी सांगितलेल्या थेट नोकऱ्या ५,०००, त्याही काही वर्षांत मिळून. शिवाय साणंदला चिप ‘बनत’ नाही, दुसरीकडे बनलेली चिप तिथे कापली, बांधली, तपासली जाते. आमच्या लॅबमध्ये पोरं जुना सेट-टॉप बॉक्स खोलतात तेव्हा मी त्यांना भिंगाखाली चिपवरची अक्षरं वाचायला लावतो. कंपनीचं नाव अमेरिकेचं, खाली बारीक अक्षरात मलेशिया किंवा फिलिपिन्स. तो देश म्हणजे हे शेवटचं काम जिथे झालं ती जागा. काम चांगलं आहे, आपल्याकडे यायला हवं, डिप्लोमा झालेल्या पोरांना त्यात खरंच जागा आहे. पण दहावी पास एक लाख पोरं हे निव्वळ आमिष आहे.

आता तो नंबर. मी फोन लावला आणि सांगितलेल्या जागी जाऊन आलो, कारण दाजींना ‘मी पाहिलं’ असं सांगायचं होतं. बिडकीन-पैठण रस्त्यापासून बराच आत, मुरमाचा कच्चा रस्ता, तोंडाशी सिमेंटची कमान. कपाशी उपटून पऱ्हाट्या बांधावर लोटलेल्या आणि मोकळ्या वावरात चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला नंबर टाकलेले दगड. तिथल्या पोराला सातबारा मागितला तर त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. जमीन शेतीचीच, इतर हक्कात बँकेचा बोजा. बिगरशेतीचा आदेश ‘प्रोसेसमध्ये’. महारेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याचा नोंदणी नंबर विचारला तर म्हणाला, “सर, प्लॉटिंगला लागत नाही.” लागतो. पाचशे चौरस मीटरच्या वरचा ले-आउट विकायला काढला की नोंदणी लागते. रजिस्ट्री आत्ता होणार नाही, पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून घ्या, बाकी नंतर बघू, असंही म्हणाला. कारखाना नक्की कुठे होणार विचारलं तर त्याने हात नुसता पूर्वेकडे केला.

ऑरिक, म्हणजे शेंद्रा-बिडकीनची सरकारी औद्योगिक नगरी, या असल्या कमानींच्या आत येत नाही. तिथली जागा सरकारी कंपनी उद्योगांना थेट देते. बिडकीनला काहीच येत नाही असं मी म्हणत नाही. टोयोटा किर्लोस्करचा जुलै २०२४ चा सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार आहे, एथरने तिथेच जागा घेतलीय. त्यामुळे आसपासचे भाव हलले तर नवल नाही, आणि मेसेजवाला त्याच खऱ्या बातम्यांच्या आडून खोटं विकतोय. पण ते वाहनांचे कारखाने आहेत, आणि ‘दोन वर्षांत दहा पट’ तर चिपच्या धंद्यात कुठेच होत नाही. पैशाची ददात नसलेल्या टीएसएमसीने ॲरिझोनाचा कारखाना मे २०२० मध्ये जाहीर केला. तिथे चिप बनायला २०२४ ची अखेर उजाडली.

ज्याने इसार दिलेला नाही त्याने देऊ नये. ज्याने दिलाय त्याने आधी तलाठ्याकडून त्या गटाचा ताजा सातबारा आणि फेरफार काढावा, बिगरशेतीचा आदेश तहसीलमधून पडताळावा, आणि दुय्यम निबंधकांकडे रजिस्ट्री होत नसेल तर पैसे लेखी मागावेत.

आणि ज्यांना खरंच मराठवाड्यात इलेक्ट्रॉनिक्स यावं असं वाटतं, त्यांच्यासाठी मागायला खरी गोष्ट आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनवण्यासाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली. सर्किट बोर्ड, कॅपॅसिटर, कनेक्टर असला माल. त्याला चिपच्या कारखान्याइतका पैसा लागत नाही. वाळूजला वाहनांचे सुटे भाग करणारी पिढी तयार आहे. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नाएलिट ही केंद्राचीच इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी संस्था आहे. त्या योजनेत आपल्या आठ जिल्ह्यांतून किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, आणि राज्याने त्यासाठी कुणाशी बोलणी केली, हा प्रश्न पुढच्या सभेत आमदार-खासदारांना विचारा. दाजींच्या मेसेजखाली मी उत्तर म्हणून हाच प्रश्न आणि ऑगस्टच्या पत्रकाची लिंक टाकली आहे, ज्याला पाहिजे त्याने तिथून उचलून पुढे पाठवावी.